मित्राच्या ऑपरेशनला पैसे उभे करायचेत: योजना, चॅरिटी बेड, पेठेची वर्गणी की क्राउडफंडिंग?

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधल्या एका गड्याला रात्री साडेअकराला अचानक बोलता येईना, उजवा हात उचलेना, आणि तासाभरात स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव आहे, ऑपरेशन आत्ताच करावं लागेल. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, मेडिक्लेम नाही, काही नाही. काउंटरवर ६० हजार डिपॉझिट सांगितलं. ग्रुपवर मेसेज टाकला आणि पाऊण तासात ६० हजार जमले, डोळ्यात पाणी आलं होतं सगळ्यांच्या. पण त्या पाऊण तासात आमच्यापैकी एकालाही रेशन कार्ड आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की ते हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत, म्हणजे रेशन कार्डावर मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेत, होतं आणि हे ऑपरेशनसुद्धा योजनेत बसत होतं, फक्त आम्ही विचारलं नाही आणि काउंटरवरच्यानं सांगितलं नाही. योजना कॅशलेस आहे, खिशातून भरून झालेलं परत मिळत नाही. म्हणून जो कोणी आज रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून काय करू म्हणत असेल त्याला पहिलं हेच सांगतो, आधी बिल कमी करायचं बघा, पैसे त्यानंतर मागा.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा. मित्र म्हणतो इन्शुरन्स नाही, पण त्याच्या कारखान्यात १० किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, असू शकतो, पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते. शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या फाउंड्रीतल्या कित्येक पोरांना आपलं ईएसआय कार्ड कुठं आहे तेच माहीत नसतं. बायकोला विचारा, सुपरवायझरला फोन लावा, रात्र असली तरी लावा.

आता योजना आणि चॅरिटी बेड, ह्या दोन्हीत लोक गोंधळ करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतला जोडून चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि पूर्वीसारखं फक्त पिवळं-केशरी कार्ड असं राहिलं नाही, पांढरं कार्डवालेही बसतात. अट दोन गोष्टींची आहे, हॉस्पिटल यादीत पाहिजे आणि आजार यादीत पाहिजे. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, त्याला शोधा, नाही सापडला तर १५५३८८ ला फोन लावा. इमर्जन्सी असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात, त्यामुळं "सकाळी कार्ड घेऊन या मग बघू" असं कोण म्हणालं तर शांतपणे हे सांगा. चॅरिटी बेडचं वेगळं आहे. तिथं आजाराची यादी नाही, हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं पाहिजे आणि उत्पन्न कमी पाहिजे. कायद्यानं अशा हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, निर्धनसाठी वर्षाचं उत्पन्न १.८० लाखांच्या आत, दुर्बल घटकासाठी ३.६० लाखांच्या आत. हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करला गाठायचं, बेड नाही म्हणाले तर आज किती भरलेत ते विचारायचं, आणि तरीही टाळत असतील तर धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

माझं मत विचाराल तर आजार योजनेत बसत असेल तर डोळे झाकून योजना, कारण तिथं उत्पन्नाच्या दाखल्यामागं पळावं लागत नाही. आजार यादीत नसेल किंवा मुक्काम लांबणार असेल तर चॅरिटी बेड. आणि पेशंट हलवण्यासारखा असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, काय होऊ शकतं हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी ह्याच्याशी ताडून बघितला तर तो पहिल्या रात्रीच्या कामाचा नाही. उत्पन्न १.६० लाखांच्या आत, तहसीलदारांचा दाखला, आधार, रेशन कार्ड, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, खाजगी हॉस्पिटल असेल तर त्याच्यावर सिव्हिल सर्जनची सही, एवढं जमवायलाच चार दिवस जातात, आणि पैसे हॉस्पिटलच्या खात्यावर जातात, तुमच्या हातात नाही. डिस्चार्ज होऊन बिल भरून झालं की मग अर्जाचा उपयोग नाही. पण ज्याला कॅन्सरसारखे महिनोन् महिने उपचार आहेत त्यानं हा अर्ज टाकलाच पाहिजे, आता ह्या निधीचा कक्ष कलेक्टर ऑफिसातच आहे, मुंबईला चकरा माराव्या लागत नाहीत. आमचा अर्ज एकदा परत आला कारण अंदाजपत्रकावर तारीख होती, सही होती, फक्त हॉस्पिटलचा शिक्का नव्हता. तो कागद हातात घेऊन मी नागाळा पार्कात झाडाखाली उभा होतो आणि एका शिक्क्यापायी दोन दिवस गेले ह्याचं जे वाईट वाटलं ते अजून जात नाही. तुम्ही काउंटर सोडायच्या आधी शिक्का बघा.

आता लोकांकडून मागायचे पैसे. इथं खरी तुलना पेठेची वर्गणी आणि क्राउडफंडिंग अशी आहे.

आपल्या कोल्हापुरात तालीम मंडळं आहेत, फुटबॉलचे ग्रुप आहेत, भिशी आहे, शाळेच्या बॅचचे ग्रुप आहेत, एका मेसेजवर माणूस उभा राहतो. वेगात ह्याला तोड नाही, तासाभरात पैसे हातात. आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या मावशींनी पदराच्या गाठीतनं २०० रुपये काढून दिले आणि म्हणल्या वहीत नाव लिहू नको. लिहिलंच, फक्त "मावशी" एवढं. पण ह्या पैशाला एक मर्यादा असते, आठवड्यात आमचे सगळे मिळून २ लाख १० हजार झाले आणि तिथं थांबले, कारण देणारे सगळे आपल्यासारखेच, महिन्याच्या पगारावरचे. दुसऱ्यांदा मागायला तोंड उघडत नाही.

क्राउडफंडिंग, म्हणजे मिलाप, केटो, इम्पॅक्ट गुरू असल्या साइट, तिथं मर्यादा मोठी आहे पण सुरुवात हळू. लोकांना वाटतं लिंक टाकली की अनोळखी लोक धडाधड पैसे टाकतात, तसं नाही, पहिले पैसे ओळखीच्यांकडूनच येतात आणि ते बघून बाकीचे देतात. कुणी पुण्यात, कुणी दुबईत नोकरीला आहे, ज्यांना आपल्या पेठेचा ग्रुप माहीत नाही, त्यांच्यापर्यंत लिंक पोचते हा त्याचा खरा फायदा. आमचे अठरा दिवसांत ६४ हजार आले. कागद तपासून पैसे सोडतात, हॉस्पिटलला थेट पाठवायची सोय पण असते. खर्च मात्र नीट वाचून घ्या, पेमेंटचा चार्ज जातो, काही ठिकाणी देणाऱ्याच्या पुढ्यात टिप आधीच टाकलेली असते ती त्याला कमी करता येते, आणि आम्ही जाहिरात करून देतो म्हणून कुणी फोन केला तर त्याचे टक्के किती ते आधी लेखी घ्या. लिव्हर ट्रान्सप्लांट, बोन मॅरो असला १५-२० लाखांचा आकडा असेल तर ह्याला पर्याय नाही, तीन-चार लाखांचं काम असेल आणि माणसं असतील तर वर्गणी बरी.

फोटोचं एक सांगतो, जीव तोडून सांगतो. नाकात नळ्या असलेला फोटो टाकायच्या आधी घरच्यांना विचारा, पेशंट शुद्धीत असेल तर त्याला विचारा. आमच्या मित्राची लेक नववीत आहे, तिच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर बापाचा तो फोटो फिरला. पैसे आले, पण ती आठवडाभर शाळेला गेली नाही. आम्ही मग साधा, लग्नातला फोटो लावला, पैसे तेवढेच येत राहिले.

आणि खातं कुणाचं? आम्ही सुरुवातीला एका मित्राच्या नंबरवर घेतले, ती चूक. नात्यात नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर पैसे आले तर टॅक्सचा प्रश्न येऊ शकतो, सीएला एकदा विचारा, आणि यूपीआयला सहसा दिवसाला १ लाखाचं लिमिट असतं. सगळ्यात चांगलं म्हणजे देणाऱ्याला हॉस्पिटलच्याच क्यूआर वर पेशंटचं नाव आणि आयपीडी नंबर (ॲडमिट झाल्यावर मिळतो तो) लिहून भरायला सांगायचं, हॉस्पिटलला यूपीआयनं ५ लाखांपर्यंत जातात. तसं जमत नसेल तर बायकोच्या किंवा आईच्या खात्यावर, आणि रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर.

कर्जाचं थोडक्यात, सोनं असेल तर बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत गहाण ठेवा, त्याच दिवशी पैसे मिळतात, सोडवता येतं. उसाचं बिल यायचं असेल तर त्याच्या भरवशावर भाऊबंदांकडून हातउसने घ्या. बिनपरवाना सावकाराकडं जाऊ नका, पेशंट घरी येतो आणि व्याजवाला त्याच्या पाठोपाठ दारात येतो.

आमचे शेवटी ११ हजार ४०० उरले. ग्रुपवर विचारलं परत करायचे का, सगळे म्हणाले फिजिओथेरपीला ठेवा. दिवाळीपर्यंत ते पुरले, शेवटच्या पावतीचा फोटो वहिनींनी स्वतः टाकला, आणि त्या रात्री ग्रुपचं नाव "मदत" काढून पुन्हा "मिरजकर तिकटी कट्टा" केलं.