मित्राच्या गाडीसाठी जमवलेले पैसे कसे गेले ते सांगतो, वाचा आणि सावध रहा

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं कारण यात मी स्वतः मूर्ख ठरलोय, आणि तेही दुसऱ्यांच्या पैशांवर. पण परवा ओळखीतल्या एकाचा फोन आला, बहिणीसाठी व्हीलचेअर आत जाईल अशी गाडी बघितलीय, मालक परदेशी चाललाय, वडील गेल्यामुळे विकतोय, "पैशापेक्षा गाडी योग्य माणसाकडे जाऊ दे" असं म्हणतोय. माझ्या अंगावर काटाच आला. शब्दन् शब्द तेच.

तर झालं असं. माझा शाळेपासूनचा मित्र, मणक्याला मार लागल्यापासून कमरेखाली संवेदना नाही, पॉवर व्हीलचेअर वापरतो. साध्या गाडीत न्यायचं म्हणजे एकाने काखेतून धरायचं, दुसऱ्याने गुडघ्याखालून, आणि आत सरकवायचं, डोकं आपटणार नाही हे बघत. हे एकवेळ चालतं, पण त्याची खुर्ची घडी होत नाही आणि बॅटरी धरून वजन १०० किलोच्या वर, ती घरीच राहते. मग पोचल्यावर हा कुणाच्या तरी प्लास्टिकच्या खुर्चीत, स्वतःहून इंचभर हलता येत नाही, आणि दिवसभर पाणी पीत नाही कारण मग बाथरूमला कोण नेणार. हळूहळू यायचाच बंद झाला.

म्हणून आम्ही आठ जणांनी ठरवलं, पैसे जमवू आणि गाडी घेऊन देऊ. आणि इथेच पहिला घोळ, त्याला सरप्राइज द्यायचं ठरलं. पैसे जमवायचंय इतकं त्याला माहीत होतं, फोटोही त्यानेच दिला, पण गाडी कुठली, कुणाकडून, काही सांगायचं नाही. तेव्हा फार गोड वाटलं होतं हे.

पैसे भराभर आले खरं सांगतो. न ओळखणाऱ्या लोकांनी दिले, एका लहान मुलीने वाढदिवसाचे दिले. सगळे माझ्या एकट्याच्या अकाउंटला (हा दुसरा घोळ), आणि आज एकूण किती झाले ते आम्ही रोज रात्री हौसेने पोस्ट करायचो, हा तिसरा आणि सगळ्यात मोठा. कारण गाडी आम्ही शोधलीच नाही, गाडीने आम्हाला शोधलं. त्या पोस्टखालूनच एकाचा मेसेज आला की माझ्याकडे अशी गाडी पडून आहे. किंमत किती सांगितली? आमच्याकडे जमलेल्या रकमेच्या अगदी थोडी खाली. आम्हाला वाटलं देवच पावला. आता कळतंय की त्याने आमचाच आकडा वाचून किंमत ठरवली होती. नवीन गाडीला असं काम करायचं म्हणजे खालचा पत्रा कापून फ्लोअर खाली घ्यायचा, वेळ पडली तर इंधनाची टाकी आणि सायलेन्सरचा पाइप हलवायचा, रॅम्प बसवायचा, म्हणून त्या महाग असतात, आणि ही त्याच्या जवळपास निम्म्यात.

माणूस बोलायला इतका छान की काय सांगू. मला दादा दादा करायचा. वडिलांबद्दल बोलताना मध्येच गप्प व्हायचा. बायको म्हणाली गाडी न बघता पैसे कसे पाठवताय, तर मीच तिच्यावर चिडलो, अगं त्याचे वडील गेलेत. व्हिडिओ कॉल म्हटलं की त्याच्याकडे नेटवर्क नसायचं. फोटो मात्र ११ पाठवले, कागदपत्रांचा पण एक.

आधी टोकन, १० टक्के. मग गाडी पोचवणाऱ्या कंपनीची लिंक, त्यात नकाशावर ठिपका सरकताना दिसायचा, आम्ही आठ जण तो ठिपका बघत बसायचो लहान पोरांसारखे. मग इन्शुरन्स डिपॉझिट, गाडी मिळाली की परत मिळणार म्हणे. मग शुक्रवारी संध्याकाळी फोन, दादा आजच उरलेली रक्कम टाका नाहीतर गाडी सोमवारपर्यंत गोडाऊनला अडकेल आणि रोजचं भाडं लागेल. टाकली. अकाउंटवरचं नाव वेगळं होतं, विचारलं तर म्हणाला अकाउंटंटचं आहे, आणि मी हो का म्हटलं. शुक्रवार संध्याकाळच का ते नंतर डोक्यात आलं, दोन दिवस बँकेची शाखा बंद, तोवर पैसे पुढे तीन-चार खात्यांतून फिरून गायब.

रविवारी ठिपका थांबला. कसला तरी दंड भरा म्हणाला. आता पैसेच उरले नव्हते म्हणून नाइलाजाने मित्राकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

त्याने माझा फोन घेतला, फोटो मोठे करून बघायला लागला. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. म्हणाला, "हुक कुठायत?" मी म्हटलं कसले हुक. "अरे खुर्ची जमिनीला बांधायला चार पट्टे लागतात, दोन पुढून दोन मागून, त्यांचे हुक फ्लोअरला असतात. इथे कार्पेट सरळ आहे. आणि मला बांधायचा बेल्ट वेगळा, खांद्यावरून येणारा, खुर्चीचा पट्टा त्याला चालत नाही." मग म्हणाला टेप आण. चाकापासून त्याच्या डोक्यापर्यंत मी मापलं, १३६ सेंटीमीटर. इतकी वर्षं ओळखतो, हे माप कधी घेतलं नव्हतं. फोटोत मागचा बंपर जसाच्या तसा होता, म्हणजे मागून फ्लोअर खाली घेतलेलाच नव्हता, डोकं दारातच अडकलं असतं. रॅम्प दिसत होता तो फार तर मीटरभर, आणि फ्लोअरची उंची ६० सेंटीमीटर धरली तरी चढ ३७ अंशांचा होतो. इमारतीच्या रॅम्पला १२ ला १ असा उतार धरतात, त्या हिशोबाने तेवढ्या उंचीला सात मीटरच्या वर रॅम्प लागेल. गाडीला तेवढा जमत नाही, जास्त चढ चालवून घेतात, पण "याच्यावरून मी खुर्चीसकट उलटा पडेन".

पुढचं ऐका. एका फोटोत स्टेअरिंग उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे. कुणाच्या तरी गाडीचे फोटो चोरून त्यातले काही आरशासारखे उलटे केले होते, असं केलं की नेटवर फोटोवरून मूळ फोटो शोधायला गेलं तर तो पटकन सापडत नाही. आणि कागदावरचा चेसिस नंबर, तो १७ अक्षरं-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात कारण एक आणि शून्याशी गोंधळ होतो. आमच्या कागदावर मधोमध ठळक ओ होता. आम्ही आठ जण तीन आठवडे हे फोटो बघत होतो हो! आठही जणांचे हातपाय धड, एकालाही दिसलं नाही.

पैशांवरून तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "माझी गाडी घेत होतात आणि मलाच विचारलं नाहीत?" मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

सोमवारी बँक, मग पोलीस. तक्रार घेतली, टोकनचे थोडे पैसे एका खात्यात गोठले, बाकी गेले ते गेले. शुक्रवारी रात्रीच बँकेच्या चोवीस तास लाइनला फोन केला असता तर कदाचित अजून काही अडले असते. आणि हे नीट वाचा, आठवड्याने आमच्यातल्या एकाला मेसेज, तुमचे पैसे आम्ही शोधलेत, परत मिळवून देतो, आधी फी भरा. तो भरायला निघाला होता! एकदा फसलेल्यांची नावं हे लोक पुढे विकतात किंवा स्वतःच दुसऱ्या नावाने परत येतात.

ज्यांनी पैसे दिले त्यांना सांगणं सगळ्यात वाईट. लिहून चार वेळा खोडलं. शेवटी बँकेचं स्टेटमेंट, तक्रारीची प्रत, चॅट सगळं टाकलं. काही जण म्हणाले तुम्हीच खाल्लेत, त्यांचा राग धरू शकत नाही, मीही तेच म्हटलं असतं. त्या मुलीच्या आईने मात्र नवीन खातं उघडलंत की कळवा म्हणून लिहिलं.

आता खातं दोघांच्या सहीचं आहे, त्यातली एक सही मित्राचीच. एकूण आकडा आम्ही सगळ्यांसमोर टाकत नाही, देणाऱ्यांना महिन्याला हिशोब जातो. गाडी तो स्वतः बघणार, स्वतःच्या खुर्चीसकट आत जाणार, पट्टे लावून फेरी मारणार, त्याआधी टोकनसुद्धा नाही. त्याने आम्हाला हेही समजावलं की गाडीत बसून प्रवास करायचा तर खुर्चीसुद्धा त्यासाठी तपासलेली पाहिजे, आयएसओ ७१७६-१९ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात ताशी ४८ किलोमीटरची समोरून धडक देऊन बघतात. त्याची आत्ताची खुर्ची तशी आहे का हे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात एकाशी तोच बोलला, स्पीकरवर. समोरचा वडिलांचं सांगायला लागला तसा हा शांतपणे म्हणाला, "दादा, फ्लोअरच्या हुकांचा एक फोटो टाका, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा." तिकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग बॅटरी संपत आलीय म्हणाला आणि फोन कट. याने वही उघडली, नंबरावर काट मारली. सहावा.