आठ महिने कॅडवर सर्व्हिस गाड्या बांधल्या. घोडं अडलं ते बेंडिंगपाशी

मे महिन्यातल्या एका दुपारी बोअरच्या मोटारी काढून देणारे आमचे एक गिऱ्हाईक गाडी कुठवर आली ते बघायला शेडवर आले. कपाटं वेल्ड होऊन पिकअपवर बसली होती, आणि सहापैकी एकही ड्रॉवर आत जाईना. मिस्त्रींनी स्लाइडला ग्रीस लावून पाहिलं, हातोडीच्या मुठीने ठोकून पाहिलं, मग म्हणाले, "भाऊ, ह्ये बसंना. मापातच घोळ हाय." मी व्हर्निअर लावला. रुंदी ४०० पाहिजे होती, भरली ४०२.१. आणि लॅपटॉपवर, म्हणजे कॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, तोच ड्रॉवर अलगद आत-बाहेर होत होता.

त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर "कोणी कॅडच्या नादी लागू नका" एवढंच लिहिलं असतं. आता आठ महिने झालेत, पाच गाड्या बाहेर पडल्यात, तर सविस्तर लिहितो.

जालन्यात माझं बॉडीचं छोटं शेड आहे. मी, मिस्त्री आणि दोन पोरं. पिकअपच्या चासीवर फिरता वर्कशॉप बांधून द्यायचा, हे आमचं मुख्य काम. बोअरवाले, ठिबकवाले, वेल्डिंगवाले आणि हंगामात ऊसतोडणी यंत्रांमागे फिरणारे मेकॅनिक, ही आमची गिऱ्हाइकं. गाव स्टीलचं असलं तरी इथल्या मिलमधून निघते ती मुख्यतः सळई. पत्र्याचं लेझर कटिंग आणि बेंडिंग मी वाळूजला करून घेतो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे एक माप चुकलं की पत्रा जातो, डिझेल जातं आणि दिवसही जातो.

आधी सगळं फरशीवर खडूने चालायचं. मिस्त्रींचा गुण्या आणि टेप, माप सुतात (इंचाच्या आठव्या हिश्श्यात), आणि काम चोख. चुकायचं ते वजनात. मागच्या वर्षी एका गाडीला १८० किलोचा वेल्डिंग जनरेटर अगदी फाळक्याजवळ बसवला, कारण गिऱ्हाइकाला तो खाली उभं राहून चालू करायचा होता. मंठा रस्त्यावर गाडीचं स्टिअरिंग हलकं लागतंय म्हणून ते परत आले, चार महिन्यांत मागचे पाटेही (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले. चूक माझी होती. कॅड घेतलं ते त्या गाडीमुळे.

हिशोब साधा आहे, पण खडूने काढलेल्या आकृतीत तो कोणी करत नाही. व्हीलबेस ३,००० मिमी धरा. १८० किलो मागच्या अ‍ॅक्सलच्या ९०० मिमी मागे ठेवले, तर पुढच्या चाकांवरून ५४ किलो उचलले जातात आणि मागे १८० ऐवजी २३४ पडतात. तोच जनरेटर अ‍ॅक्सलच्या ४०० मिमी पुढे घेतला, की मागे १५६ आणि पुढे २४. मागच्या पाट्यांवरचे ७८ किलो नुसती जागा बदलून कमी झाले. आता प्रत्येक भागाचं घनफळ सॉफ्टवेअरमधून घेतो, स्टीलच्या घनमीटरला ७,८५० किलोने गुणतो, आणि कपाट, क्रेन, व्हाइस, सिलिंडर सगळं एका तक्त्यात मांडतो. गिऱ्हाइकाला पडद्यावर जनरेटर सरकवून दाखवला की वाद राहत नाही. मागे किती लटकतंय तेही तिथेच दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ प्रमाणे मागचा ओव्हरहँग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांवर जाता कामा नये, म्हणजे या गाडीला १,८०० मिमी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीत मनाला येईल तसा बदल करताच येत नाही. काम धरायच्या आधी आरटीओच्या माणसाला मापासकट छापलेलं ड्रॉइंग दाखवता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटली.

आता परत ड्रॉवरकडे, कारण माझे निम्मे कष्ट तिथेच गेलेत.

पत्रा वाकवला की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. मध्ये कुठेतरी एक रेघ असते, तिची लांबी बदलत नाही. ती रेघ आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या हिश्श्यावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर. सॉफ्टवेअर सपाट पत्र्याचं माप काढतं ते याच आकड्यावरून. मी घेतलेल्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आधीपासून ०.५ भरलेला होता. २ मिमी पत्रा, आतला रेडियस २ मिमी, ९० अंशाचा बेंड: ०.५ धरला तर एका बेंडला ४.७१ मिमी लागतात, ०.३३ धरला तर ४.१८. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून लक्षात येत नाही. पण ड्रॉवरला दोन ओठ (भिंतींच्या दुमडलेल्या कडा) आणि दोन भिंती मिळून चार बेंड असतात. बेंडिंगवाला कडेपासून माप धरून वाकवतो, त्यामुळे ओठ बरोबर, भिंती बरोबर, आणि चारही बेंडचं उरलेलं सगळं तळाच्या रुंदीत येतं. २.१ मिलिमीटर. बॉल बेअरिंगच्या स्लाइडला दोन्ही बाजूंना १२.७ मिमी जागा लागते; माझ्याकडे उरली ११.६५. दोन पत्रे गेले, ४७ किलोचा एक.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना फोन केले. मी तक्रार नोंदवायची, त्यांनी ती बंद करायची, असं तीनदा झालं. चौथ्या वेळी एक मुलगा म्हणाला, "सर, ते तुमच्या बेंडिंग मशीनवर अवलंबून असतं." बरोबर बोलला. पण हेच वाक्य एक दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये सांगायला कोणाचं काय गेलं असतं? वर्षाचे पैसे मी आगाऊ मोजले होते. याचा राग मला अजून आहे.

मग मिस्त्रींनीच रस्ता काढला. "भाऊ, मशीनलाच विचारू की." आम्ही दोन मिमीच्या बरोबर १०० मिमी लांब पट्ट्या कापल्या आणि वाळूजला नेऊन मधोमध ९० अंशात वाकवल्या. दोन्ही पाय बाहेरून मोजून बेरीज केली: १०३.८. उलटा हिशोब केला, के-फॅक्टर ०.३३ आला. मग १.६ आणि ३ मिमीच्या पट्ट्याही तशाच वाकवून घेतल्या. बेंडिंगवाल्यांनी त्यांचे पैसे घेतले नाहीत, उलट कोणत्या जाडीला कोणती डाय (ज्या खाचेत पत्रा दाबून वाकवतात ती) लावतात ते कागदावर लिहून दिलं. तो कागद शेडच्या भिंतीवर आहे. डाय बदलली की आतला रेडियस बदलतो आणि आकडाही बदलतो, म्हणून फाईल पाठवताना डायचा आकडा सोबत लिहितो.

माझं मत पालटलं ते यानंतर. ते सहा ड्रॉवर भंगारात घालायचं माझ्या जिवावर आलं होतं. पुढच्या गाडीच्या कपाटात मी फक्त एक आकडा बदलला, ड्रॉवरची मोकळी जागा ४२५.४ ची ४२७.५ केली. कपाटाच्या भिंती, खालची चौकट, स्लाइडची भोकं, सगळं आपोआप सरकलं. सहाही ड्रॉवर पहिल्या झटक्यात बसले. खडूने हे काम करायचं तर अख्खं कपाट नव्याने मांडावं लागलं असतं. ज्या सॉफ्टवेअरने पत्रा घालवला, त्यानेच तो वाचवला, हे मला मान्य करावं लागेल.

तरी पाच महिन्यांनी ते सोडलं. फाईली त्यांच्या सर्व्हरवर राहायच्या आणि नेट गेलं की उघडायच्या नाहीत. पावसाळ्यात आमच्या भागात लाईट आणि नेट जोडीनेच जातात. त्यात पुढच्या वर्षीचा भाव कळला. पाच गाड्यांच्या धंद्याला तो झेपणारा नाही.

गेले तीन महिने फ्रीकॅडवर आहे. फुकट आहे, धंद्यासाठी वापरायला मोकळीक आहे, फाईल आपल्याच लॅपटॉपवर राहते. आधीच्या आवृत्त्यांमध्ये सुरुवातीचं एखादं माप बदललं की पुढची भोकं भलत्याच बाजूवर जायची. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० पासून हा त्रास बराच कमी झालाय, म्हणूनच मी हात घातला. शिकायला वेळ लागतो. मला बटणं सापडायलाच पंधरा दिवस गेले. पत्र्याच्या कामासाठी शीटमेटल नावाचं वर्कबेंच, म्हणजे जादा बटणांचा संच, वेगळं घालावं लागतं, आणि तिथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: के-फॅक्टर अँसी (अमेरिकन) पद्धतीचा की डिन (जर्मन) पद्धतीचा, हे निवडायचं असतं. डिनचा आकडा अँसीच्या दुप्पट असतो. आपला ०.३३ तिथे ०.६६ होतो. मी उलटं निवडलं होतं. कटिंगला पाठवायच्या आधी मिस्त्रींनी सपाट माप कागदावर जुळवून पाहिलं, म्हणून वाचलो. आता प्रत्येक फाईल त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाळूजला जात नाही, आणि ते सुतातलं माप मिलिमीटरमध्ये माझ्याआधी सांगतात.

सध्या हातात ऊसतोडणी यंत्राच्या सर्व्हिसची गाडी आहे. तिला डिझेलची टाकी, ग्रीसचा पंप आणि होज पाइप दाबायचं मशीन पाहिजे. हत्यारांचे दोन ट्रे गिऱ्हाइकाला स्टेनलेसचे हवेत. स्टेनलेस वेगळं वाकतं, भिंतीवरचे आकडे त्याला चालणार नाहीत. सोमवारी दहा पट्ट्या घेऊन वाळूजला जातोय.