रेणूंच्या लॉजिक गेटचा प्रयोगसंच: पट्टी उत्तम, पुस्तिका अतिउत्साही

लॉजिक गेट म्हणजे मिळालेले संकेत (इनपुट) पाहून 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देणारा संगणकाचा मूळ घटक; हेच काम रेणूंकडून करून दाखवण्याचा हा संच. ठाण्यातील नौपाड्याच्या शालेय साहित्याच्या एका दुकानातून नववीतील मुलीसाठी घेतलेल्या या संचात अतिनील आणि हिरव्या प्रकाशाचे दोन टॉर्च, क्विनाइनची पुडी, काचनळ्या आणि स्पायरोपायरन या प्रकाशाने रंग बदलणाऱ्या रसायनाचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी एवढे साहित्य आहे. पालकाची भाजी आणि स्पिरिट आपले आपण आणायचे.

पुस्तिकेचे पहिले प्रकरण पानापासून संगणक घडवल्याच्या थाटात लिहिले आहे आणि नेमके तेच सर्वांत दुबळे आहे. पालकाच्या स्पिरिटमधील हिरव्या अर्कावर अतिनील प्रकाश टाकला की तो गडद लाल चमकतो, आणि ते दृश्य खरोखर सुंदर असते. परंतु पानात जी ऊर्जा पुढच्या रेणूकडे गेली असती, तिला इथे घेणारे कोणी नसल्यामुळे तिचा काही भाग प्रकाशरूपाने बाहेर पडतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यात तर्कक्रिया कोठेच नाही. क्विनाइनचा प्रयोग मात्र चोख आहे: लिंबूसत्त्वाच्या पाण्यातील क्विनाइन अतिनील प्रकाशात निळे चमकते आणि पुरेसे मीठ घातले की ती चमक विझत जाते, म्हणजे प्रकाश असेल आणि मीठ नसेल तरच उत्तर 'होय'. बेलफास्टचे रसायनशास्त्रज्ञ ए. प्रसन्ना डी सिल्वा यांनी 1993 मध्ये दाखवलेल्या रेणवीय अँड गेटचे (दोन्ही इनपुट असतील तरच 'होय' म्हणणाऱ्या गेटचे) इनपुटही असेच पाण्यात मिसळायचे, हायड्रोजन आणि सोडियमचे आयन (विद्युतभारित अणू) होते. अडचण अशी, की घातलेले मीठ परत काढता येत नाही. नळी धुवून पुन्हा आरंभ करावा लागतो.

पट्टीला ही अडचण नाही, कारण अतिनील प्रकाशाने ती जांभळी होते आणि हिरव्या प्रकाशाने पुन्हा रंगहीन. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील डेव्हन्स गस्ट, टॉमस मूर आणि ॲना मूर यांनी प्रकाशसंश्लेषणाची नक्कल करणाऱ्या रेणूंना असेच रंग बदलणारे घटक जोडून इलेक्ट्रॉनची वाट प्रकाशानेच उघडबंद केली, आणि 2011 मध्ये सहकाऱ्यांसह अशा तीन घटकांच्या एकाच रेणूकडून अँड गेटपासून कीपॅड लॉकपर्यंतची (इनपुट ठरलेल्या क्रमाने दिले तरच उघडणाऱ्या कुलपापर्यंतची) कामे करून घेतली. पुस्तिकेत या साऱ्याला अवघी अर्धी ओळ मिळाली आहे!

ठाण्याच्या मे महिन्यातील उकाड्यात पट्टीचा रंग उष्णतेनेही ओसरतो, म्हणून ती गार ताटलीवर ठेवूनच निरीक्षणे नोंदवावीत. अतिनील टॉर्चसोबत संरक्षक चष्मा दिलेला नाही, ही अक्षम्य त्रुटी आहे. तो वेगळा विकत घेतल्याशिवाय संच मुलांच्या हाती देऊ नये.