माणसाएवढं भूत मागवताना फसवणूक कुठे कुठे होते

हॅलोविन हा भुताखेतांच्या सजावटीचा सण ३१ ऑक्टोबरला असतो, पण फसवणारे त्याच्या दोन महिने आधीपासून कामाला लागतात. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या माणसाएवढ्या पुतळ्याची जाहिरात ठरलेली असते. अंधाऱ्या दारात उभा हॉरर सिनेमातला खुनी, अंगात मळका डगला, कातडीवर सुरकुत्या, डोळ्यांत लाल दिवे, एक हात उगारलेला. खाली लिहिलेलं असतं, 'लाइफ-साइज, सिलिकॉन, हालचाल करणारा'. खोकं उघडल्यावर मात्र हाती लागतं ते फोटो छापलेलं कापड, किंवा पंख्यावर फुगणारी पिशवी, किंवा काठीला अडकवलेला एक मुखवटा आणि झगा. तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा, कारण 'वस्तू मिळाली नाही' असं म्हणता येत नाही आणि मिळालेली वस्तू उभीही राहत नाही.

पहिलं खोटं फोटोत असतं. कुणीतरी महिनाभर खपून बनवलेल्या पुतळ्याचा फोटो उचलायचा आणि कडेचं नाव कापून टाकायचं. इंटरनेटवर फोटो टाकून उलटा शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेतला की तो मूळ कारागिराच्या पानावर बहुतेक वेळा सापडतो. नाही सापडला तरी विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागवाव्यात: पुतळ्याशेजारी मोजपट्टी उभी धरलेला फोटो आणि मुखवट्याच्या मानेची कड आतल्या बाजूने दिसेल असा फोटो. वस्तू ज्याच्याकडे आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. नसलेला माणूस 'माल गोदामात आहे, फोटो काढता येत नाही' असंच सांगतो.

उंचीचा आकडा एकटा वाचू नये. '१८० सेंटिमीटर' हे उगारलेल्या हाताच्या टोकापर्यंत मोजलेलं असतं, नाहीतर झग्याच्या कापडाची लांबी असते. तीन मापं मागा: पायापासून टाळूपर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, डोक्याचा घेर. १८० सेंटिमीटरच्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण साडेसातव्या हिश्श्याएवढं, म्हणजे २४ सेंटिमीटर भरतं. खांदे उंचीच्या चौथाईएवढे, ४५ सेंटिमीटरच्या आसपास. डोक्याचा घेर ५६ ते ५८. यातला एक आकडा जरी फार घसरला तरी लांबून बाहुलं दिसतं, मग रंगकाम कितीही भयानक असो.

वजनही विचारा. पुतळा उभा राहायला खाली ६० बाय ६० सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा पाट लागतो आणि तो एकटाच चार किलोच्या घरात जातो. त्यावर सांगाडा, डोकं, हात, कपडे. त्यामुळे पानावर 'पार्सलचं वजन १.२ किलो' असं असेल तर आत पुतळा नाही, हे पैसे भरण्याआधीच कळतं. हा आकडा बदलायचं विक्रेते विसरतात, म्हणून तो आवर्जून बघावा.

आता डोकं. सगळा पुतळा डोक्यावर ओळखला जातो आणि खरी लूट इथेच होते. चांगला मुखवटा मातीत घडवून, साचा काढून ओतलेला असतो. चोर तोच मुखवटा विकत घेतो, त्याच्यावरून दुसरा साचा काढतो आणि त्यातून नकला ओततो. लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, वाळताना ५ ते १० टक्के आकसतं. मूळ मुखवटा ओतताना एकदा आकसलेला असतो, नक्कल ओतताना पुन्हा आकसते. ५८ सेंटिमीटरचा घेर ७ टक्क्यांनी कमी झाला की ५४ राहतो, आणि अशी सरासरी प्रौढापेक्षा लहान डोकी 'लाइफ-साइज' म्हणून खपवली जातात. हातात आल्यावर नाकपुडीच्या कडा आणि पापण्या बघा. मुळात जिथे धारदार रेघ होती तिथे नकलेत गोलसर गुळगुळीतपणा आलेला असतो, कातडीवरची छिद्रं बुजलेली असतात, आणि कानामागे साच्याच्या जोडाची कड एकाऐवजी दुहेरी दिसते. एक कड मूळ साच्याची, दुसरी चोराच्या साच्याची. ही दुहेरी कड दिसली की वाद घालायला दुसरा पुरावा लागत नाही.

दुसरी लबाडी सिलिकॉनच्या नावाची. सिलिकॉनचा पूर्ण डोक्याचा मुखवटा साधारण किलोभर किंवा त्याहून जड असतो. लॅटेक्सचा त्याच्या निम्म्याच्याही खाली. मानेच्या आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका आणि बुडबुडे झटकून बुडवा. सिलिकॉन पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं. भराव (जाडी वाढवणारी पूड) न घातलेलं लॅटेक्स वर येतं. भराव घातलेलं लॅटेक्स किंवा व्हिनाइलही बुडू शकतं, म्हणून वजन आणि बुडणं दोन्ही जुळलं तरच सिलिकॉन समजावं. नवं लॅटेक्स वासानेही ओळखू येतं, अमोनियाचा उग्र दर्प मारतो.

खरं सिलिकॉन असूनही फसवलेलं असू शकतं. सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय काही नीट चिकटत नाही. त्यावर साधा अॅक्रिलिक रंग मारला असेल तर गाल एकदा दुमडला की रंगाच्या खपल्या निघतात. आणि पृष्ठभाग चिकट लागत असेल तर विक्रेता हमखास लिहितो, 'चार दिवस हवेत ठेवा, सुकेल.' ते सुकत नाही. प्लॅटिनमवर जमणारं (त्याच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन गंधक असलेल्या मातीला किंवा लॅटेक्सला लागलं की त्या जागी जमण्याची क्रियाच अडते आणि तिथे कायमचा चिकटा राहतो. लॅटेक्सच्या मुखवट्यावरून घाईत नकला काढणाऱ्यांकडे हेच होतं. त्या चार दिवसांत तुमची परत करण्याची मुदत मात्र सरत जाते.

मुखवटा घडी घालून आला, चेहरा चेपला आहे, ही फसवणूक नाही. आत कापड किंवा फोम ठासून भरा, हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, तसाच दिवसभर ठेवा. उगाच यावर भांडून खरी तक्रार कमजोर करू नका.

'जोडून घ्या' म्हणून मिळणाऱ्या सांगाड्यात बोटभर जाडीच्या पोकळ नळ्या आणि प्लास्टिकचे सांधे येतात. डोक्याच्या भाराने त्या गुडघ्यात वाकतात आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतात पुतळा तोंडावर पडतो. तो सांगाडा टाकून द्या आणि २५ मिलिमीटरच्या जाड भिंतीच्या पीव्हीसी पाइपचा सांगाडा स्वतः करा. १८० सेंटिमीटरच्या उभ्या पुतळ्याला दोन पाय ८८-८८ सेंटिमीटर, कणा ५५, मान २५, खांद्याचे दोन तुकडे १८-१८, कमरेचे १२-१२, दंड ३०-३०, कोपराखाली २६-२६, आणि दोन्ही पायांना बांधणारा गुडघ्याजवळचा आडवा तुकडा २५. बेरीज साडेचार मीटरच्या आसपास, वाया जाणारं धरून पाच मीटर पाइप घ्यावा. खांद्यात एक चौमुखी जोड, कमरेच्या मध्यात एक आणि गुडघ्यांना दोन असे तीन टी (तीन तोंडांचे जोड), खांद्याला आणि कमरेला मिळून चार काटकोनी एल्बो (वळणाचे जोड), कोपरांना ४५ अंशांचे दोन, पाटावर दोन फ्लँज (पाइप पाटाला स्क्रूने बसवणाऱ्या चकत्या). आधी सगळं कोरडं जोडा, कपडे चढवून लांबून बघा, मगच सोल्व्हंट (पाइप चिकटवणारा द्राव) लावा. एकदा चिकटलं की हाताचा कोन बदलत नाही. मातीत उभा करायचा असेल तर पाटाऐवजी दोन १२ मिलिमीटरच्या सळ्या जमिनीत हाताभर ठोकून पाय त्यांवर चढवावेत. वाऱ्याला याहून भक्कम काही नाही.

'हालचाल करणारा' या शब्दावर सर्वांत जास्त पैसे उकळले जातात. हिशेब सोपा आहे. खांद्यापासून ५६ सेंटिमीटरचा हात, कपड्यांसकट ६०० ग्रॅम, त्याचा भार मध्यावर म्हणजे २८ सेंटिमीटरवर धरला तर तो आडवा उचलायला सुमारे १७ किलो-सेंटिमीटर जोर लागतो, म्हणजे एक सेंटिमीटर अंतरावर १७ किलो उचलण्याएवढा. खोक्यात येते ती ९ ग्रॅमची निळी सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी) मोटर, तिचा जोर दोन किलो-सेंटिमीटरही नाही. तिचे प्लास्टिकचे दाते पहिल्याच संध्याकाळी झिजतात आणि हात लोंबू लागतो. धातूच्या दात्यांची नेहमीची मोठी सर्व्हो दहाच्या आसपास जाते, तीही पुरत नाही. पुतळे बनवणारे इथे गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर वापरतात, शिवाय हाताच्या मागच्या टोकाला वजन बांधून भार तोलतात. ही मोटर भाराखाली काही अँपिअर ओढते आणि अडकली की त्याच्या कितीतरी पट. म्हणून वायपर मोटरसोबत १ अँपिअरचा अॅडॉप्टर देणारा विक्रेता एकतर अडाणी आहे किंवा लबाड. वाटेत फ्यूज हवाच. हीच मोटर डोक्याला लावली तर ५ व्होल्टवर ती संथ फिरते आणि डोकं असं संथ वळणंच जास्त भीतीदायक दिसतं.

डोळ्यांचे लाल एलईडी दिवे रेझिस्टरशिवाय (वीजप्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागाशिवाय) थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेले येतात आणि लगेच जळतात. दोन दिवे एकामागोमाग आणि २७० ओहमचा एक रेझिस्टर, एवढं केलं की पुरे.

पैसे भरताना 'मित्र किंवा नातेवाइकाला पाठवतोय' हा पर्याय निवडायला सांगितलं तर तिथेच थांबा. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर त्या पर्यायाला खरेदीचं संरक्षण लागू होत नाही. ट्रॅकिंग क्रमांक आला म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्याच शहरातल्या भलत्या पत्त्यावर स्वस्तातली काहीतरी वस्तू टाकून 'पोहोचलं' अशी नोंद करून घेतात. पार्सल हाती आलं तर न उघडता वजनकाट्यावर ठेवा, लेबलसकट फोटो काढा आणि उघडतानाचं चित्रीकरण न थांबवता एका दमात करा. तक्रार केली की पहिलं उत्तर येतं, 'वस्तू ठेवून घ्या, पंधरा टक्के परत देतो.' नाही म्हटलं की तीस. मग 'स्वखर्चाने परत पाठवा', आणि पत्ता दुसऱ्या खंडातला. हे सगळं पेमेंट कंपनीच्या तक्रारीतच लिहून मागा, खाजगी निरोपात नको. 'आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे सोडतो' असं म्हणतील तेव्हा पैसे खात्यात दिसेपर्यंत तक्रार चालू ठेवा, कारण पेपालवर एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही.