संजय गांधीचा पगार आणि तालमीतला मदतनीस

संजय गांधी निराधार योजनेचा पगार मला मिळतो आणि त्या पैशात मी सकाळच्या कामाला एक माणूस ठेवलाय. पगार कसा आहे आणि माणूस कसा आहे, दोन्हीबद्दल लिहितो. सांगली-मिरजेत माझ्यासारखे बरेच जण घरी रुग्णसेवेला माणूस पाठवणाऱ्या ब्युरोला फोन लावतात, दर ऐकतात आणि गुमान फोन ठेवतात.

आधी माझी गरज. मोटारसायकलच्या अपघातात मणका गेला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही, लघवीला कॅथेटर, म्हणजे नळी आणि पिशवी. सकाळी पिशवी रिकामी करायची, अंघोळ, पाठ आणि कुल्ल्यांवर कुठे लाल डाग पडलाय का ते बघायचं, पायांचा व्यायाम, मग कॉटवरून व्हीलचेअरवर. दीड तासाचं काम. एकदा खुर्चीत बसलो की संध्याकाळपर्यंत माझा मी असतो, लग्नपत्रिका आणि अर्जांचं टायपिंग करतो. हे सगळं आई करायची. ती सत्तरीची आणि मी ७२ किलोचा.

योजना १९८० पासूनची, राज्य सरकारची. अपंगत्व किमान ४० टक्के, वय ६५ च्या आत. जुलै २०२३ पासून महिन्याला १५०० मिळत होते, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५०० झाले. तलाठ्याकडचे कागद, उत्पन्नाचा दाखला, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असं सगळं जमवून अर्ज तहसीलला जातो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. मी जिवंत आहे हे कागदावर सिद्ध करताना दरवेळी थोडं हसू येतं, पण चालतंय.

आता पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं असेल तिथे पैसे पडतात, तुम्ही अर्जात कुठलाही नंबर लिहा. आमच्या शेजारच्या आजी महिनोन्‌महिने बँकेत "आलं का वो?" विचारत होत्या. पैसे सिमकार्डासोबत कुणीतरी उघडून दिलेल्या खात्यात साठत होते.

या पगाराची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कुणी बिल मागत नाही. आईला मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकरकमी ३००० मिळाले, त्याची खरेदी ठरलेल्या साधनांचीच करायची आणि पावती समाजकल्याणला द्यायची. ते ठीकच. मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळे सर्जिकलची दुकानंही उदंड. भाव करून कमोडची खुर्ची आणि गुडघ्याचे पट्टे आणले. (खुर्ची कागदावर आईची आहे, वापरतो दोघंही.) पण माणूस काही पावतीवर मिळत नाही. कुणाला बोलवायचं, किती वाजता, कशासाठी, हे २५०० माझ्या हातात आहेत म्हणून मला ठरवता येतं.

इंग्लंडात यासाठी १९९६ साली कायदाच झाला. तिथली कौन्सिल, म्हणजे आपल्या पालिकेसारखी, आधी तुमची गरज तपासते, त्यावरून रक्कम ठरवते आणि पैसे तुमच्याकडे देते. तुम्ही माणूस नेमायचा, त्याचे तुम्ही मालक. मग त्याचा पगार, रजा, विमा, सगळा हिशोब तुमच्या गळ्यात. हिशोबाची कटकट मला नको, पण गरज तपासून रक्कम ठरवणं मात्र आपल्याकडे हवं होतं. आपल्याकडे एका बोटाने टाइप करणाऱ्यालाही २५०० आणि मानेखाली काहीच न हलणाऱ्यालाही २५००.

त्यात उत्पन्नाची अट. दिव्यांगाच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला चार हजार एकशेसहासष्ट. घरातलं कुणी साधं दुकानात कामाला लागलं तरी घर अटीच्या बाहेर. ही अट ठरवणाऱ्यांनी एकदा बाजारात जाऊन तूरडाळ घ्यावी.

आता ब्युरोचं. नाव लिहीत नाही. दर सांगितला बारा तासांचे रोज ६००, म्हणजे महिन्याला १८,०००. मला दीड तासच हवाय म्हटलं तर, "तसं आमच्यात बसत नाही." धाकट्या भावाने इचलकरंजीहून पैसे पाठवले म्हणून एक महिना घेऊन बघितलं. येणारे मामा (ब्युरोच्या माणसांना मामाच म्हणतात) वाईट नव्हते, पण चार दिवसांनी एक जायचा आणि दुसरा यायचा. प्रत्येकाला नव्याने माझं शरीर समजावून सांगायचं. एक जण खुर्चीत बसवून झाल्यावर साडेदहा तास आमच्या सोप्यात मोबाइल बघत बसला, त्याचे पैसेही लागलेच. तक्रार केली की ब्युरोवाले बाई गोड बोलायच्या आणि तिसरा माणूस पाठवायच्या.

मग गल्लीच्या टोकाला असलेल्या तालमीतल्या वस्तादांना विचारलं. त्यांनी हा पोरगा दिला. कवठेपिरानच्या बाजूचा, हिंदकेसरी मारुती माने ज्या गावचे त्या गावाशेजारचा. कॉलेजसाठी सांगलीत राहतो, पहाटेचा व्यायाम आटोपून साडेसातला येतो. मी त्याला पैलवान म्हणतो, तो मला काका.

ताकदीचा प्रश्नच नाही. पहिल्या दिवशी त्याने काखेत हात घालून मला असा उचलला की आई देवघरातून धावत आली. तेच चुकीचं होतं. माझ्यासारख्याचे खांदे म्हणजेच पाय, चाकं त्यांच्यावरच फिरतात, काखेतून ओढलं की खांदा जातो. फिजिओथेरपिस्ट मॅडमना घरी बोलवून त्याला शिकवलं. खुर्ची कॉटला तिरकी लावायची, ब्रेक दाबायचे, पाय ठेवायची पट्टी काढायची, माझ्या कमरेला रुंद पट्टा, त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकवून मग वळवायचं. दोन दिवसांत शिकला. म्हणाला, "काका, ह्यात जोर कमी आणि पकड जास्त." सुतारानं घासून दिलेली एक गुळगुळीत फळीही आहे, पैलवान नसला की आई आणि मी मिळून तिच्यावरून सरकतो.

स्वच्छतेवर मात्र मी कडक आहे. तालमीत एकाचं गजकर्ण दहा जणांना होतं, त्यामुळे अंघोळ करून, धुतलेले कपडे घालूनच घरात यायचं आणि कॅथेटरला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे. सुरुवातीला कानाशी लाल माती दिसली की मी परत पाठवायचो. आता तोच आईला म्हणतो, "आज्जी, हात धुतलं का?" पाठीवरचा डाग बघण्यात तो ब्युरोच्या मामांपेक्षा हुशार निघाला. मुका मार, सुजलेले कान यांच्यातच वाढलेला पोरगा, कातडीचा रंग बदललेला त्याला लगेच कळतो.

कमी काय, तर जत्रा. चैत्र लागला की गावोगाव कुस्तीची मैदानं, आणि हा गायब. ते गृहीत धरूनच मी पहिल्यापासून त्याच्या जोडीदारालाही सगळं शिकवायला लावलं. जोडीदार जरा धसमुसळा आहे, पण येतो. माणूस ठेवणार असाल तर एक ठेवा आणि दोघांना शिकवा. आणि पैसे सरकारकडून उशिरा आले तरी त्याचे थांबवू नका, त्याच्या खुराकाचा उकाडा (दुधाचं महिन्याचं बिल) तारखेवर भागवावा लागतो. माझा पगार कधी दोन महिन्यांचा एकदम येतो, म्हणून टायपिंगचे पैसे मी त्याच्यासाठी आधी बाजूला ठेवतो.

म्हणजे सरकारचे २५०० येतात ते सरळ पैलवानाच्या दुधा-बदामात जातात, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आई पाठदुखीच्या गोळ्या घ्यायची थांबली आहे.

आता दूध महागलं म्हणून पैलवानाने ३००० मागितलेत. वाजवी आहेत. वरचे ५०० लग्नसराईत निघतील, पावसाळ्यात पत्रिका छापत नाहीत तेव्हा काय करायचं त्यावर आमची बोलणी चालू आहेत. तो म्हणतो, चार महिने २५०० वरच चालवू, पण कॉलेजचे प्रोजेक्ट मी फुकट टाइप करून द्यायचे.