डोअर की गेट? गल्लत कुठं होते बघा

इंग्रजी लिहिताना आपली पोरं डोअर आणि गेट बिनधास्त अदलाबदल करतात, कारण आपलं दरवाजा म्हटलं की दोन्हीकडं भागतं. डोअर म्हणजे घराचं, खोलीचं, कपाटाचं, गाडीचं दार. गेट असतं कंपाउंडला, कुंपणाला, तटबंदीला, ते ओलांडलं तरी बहुतेक वेळा तुम्ही उघड्यावरच असता. म्हणजे पन्हाळ्याचा तीन दरवाजा गेट, आणि कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या साडीच्या दुकानाचं काचेचं दार डोअर.

खरी गंमत पावसाळ्यात. राधानगरी धरण भरलं की सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडायला लागतात, पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतंय म्हणून सगळं गाव राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतं, 39 फूट इशारा, 43 धोका, आणि त्यात कोणतरी स्टेटस टाकतो, डॅम डोअर्स ओपन. नाही भावा, पाणी अडवतंय ते गेटच!

मला विचाराल तर गेट जास्त फिरस्ता शब्द, विमानतळावर गेट, कॉम्प्युटरात लॉजिक गेट, मॅचच्या तिकिटांचा गल्ला म्हणजे पण गेट. डोअर आपलं घरगुती, नेक्स्ट डोअर म्हणजे शेजारी, बास. नुसती आत शिरायची जागा सांगायची असली तर एन्ट्रन्स लिहा, रिकाम्या चौकटीला डोअरवे. पोर्टल फारच भारदस्त, ते वेबसाइटला राहू दे.

आणि हो, क्रिकेटची विकेट, तिचा मूळ अर्थ पण छोटं गेटच.