मॅटप्लॉटलिब सुरू व्हायला वेळ लावतंय: इम्पोर्टटाइम, सीप्रोफाइल की पाय-स्पाय?

मॅटप्लॉटलिब ही पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी. काढायची असते एक साधी रेघ, आणि तिचं पायप्लॉट हे मॉड्यूल (कोडची फाइल) इम्पोर्ट, म्हणजे लोड, होईपर्यंत प्रॉम्प्ट अडून बसलेला असतो. हा त्रास होत असेल तर वेळ कुठे जातोय याची शोधाशोध करायला तीन साधनं सहज हाताशी येतात. पायथन ३.७ पासून असलेला ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ हा पर्याय, पायथनसोबतच मिळणारं सीप्रोफाइल, आणि बाहेरून बसवावं लागणारं पाय-स्पाय. तिन्ही मी वापरली आहेत. माझा कल एकीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. तुमची अडचण वेगळी असेल, तर निवडही वेगळी निघू शकेल.

माझ्याकडे एक स्क्रिप्ट क्रॉनमधून ठरावीक वेळी आपोआप चालायची. आकडे वाचायचे, एक आलेख काढायचा, पीएनजी ठेवून द्यायची, बस. माझ्या टर्मिनलवर ती चटकन संपायची. क्रॉनखाली मात्र खुर्चीत मागे रेलून वाट बघत बसावं इतका वेळ घ्यायची, आणि तेही दर वेळी. पहिल्याच खेपेला वेळ लागला असता तर मी लक्षही दिलं नसतं. मॅटप्लॉटलिब पहिल्यांदा चालताना फॉन्टची यादी तयार करून कॅशमध्ये, म्हणजे पुढच्या वेळेसाठी साठवून, ठेवतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. इथे दर वेळची गोष्ट होती.

सवयीप्रमाणे आधी सीप्रोफाइल उचललं, आणि माझी निवड ज्या एका कटकटीने ठरवली ती इथेच सुरू झाली. एकूण वेळेनुसार, म्हणजे क्युम्युलेटिव्हवर, क्रम लावला की वरचा अख्खा पडदा ‘फ्रोझन इम्पोर्टलिब बूटस्ट्रॅप’च्या ओळींनी भरून जातो. फाइंड-अँड-लोड, लोड-अनलॉक्ड, एक्झेक-मॉड्यूल, कॉल-विथ-फ्रेम्स-रिमूव्ह्ड. कोणतंही मॉड्यूल आत आणताना पायथन याच वाटेने जातं, त्यामुळे या ओळी येणारच, त्या खोट्या नाहीत. पण इम्पोर्ट एकात एक गुंतलेले असतात. पायप्लॉटने फिगरला आणलं, त्याच साखळीत पुढे कुणीतरी फॉन्टची यादी सांभाळणाऱ्या फॉन्ट मॅनेजरला आणलं, म्हणून या सगळ्यांसमोरचा आकडा जवळपास सारखाच दिसतो. सीप्रोफाइल ही उभी साखळी आडवी पाडून सपाट यादी करतं. कोण कुणाच्या पोटात आहे, हे त्या यादीवरून समजत नाही.

फॉन्ट मॅनेजर लोड करणारी ओळ त्या यादीत होती, हे मला नंतर पुन्हा बघताना दिसलं. तिच्या वर-खाली तितक्याच वजनाच्या इतक्या ओळी होत्या की माझी नजर तिच्यावरून सरकून गेली. मग फंक्शनच्या स्वतःच्या वेळेनुसार क्रम लावून पाहिला, तर दुसरंच निघालं. सी भाषेत लिहिलेली सगळी एक्स्टेंशन्स (जोड-मॉड्यूलं) लोड होण्याचा वेळ ‘क्रिएट-डायनॅमिक’ या एकाच ओळीत गोळा झालेला. त्यातला नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा किती, मॅटप्लॉटलिबचा किती, बाकीच्यांचा किती, याचा पत्ताच नाही. संध्याकाळचा बराच वेळ मी त्या एका ओळीच्या मागे घालवला.

इम्पोर्टटाइममध्ये एक मॉड्यूल म्हणजे एक ओळ. दोन रकाने असतात: स्वतःचा वेळ आणि पोटातल्यांसकट एकूण वेळ, दोन्ही मायक्रोसेकंदांत. ज्याला कुणी आणलं तो आणणाऱ्यापेक्षा आत सरकवून छापलेला असतो. वाचायची पद्धत मात्र उलटी आहे. ओळ छापली जाते ती मॉड्यूल पूर्ण लोड झाल्यावर, त्यामुळे लेकरं वर येतात, आई खाली आणि पायप्लॉट पार तळाशी. दोनदा वाचलं की डोळ्यांना सवय होते. क्रॉनच्या युजरखाली चालवून पाहिलं तेव्हा पहिल्या रकान्यात बहुतेक आकडे तीन-चार अंकी होते, काही पाच अंकी, आणि फॉन्ट मॅनेजरसमोर एकदम सात अंकी. त्याच्यावर नजर न पडणं अशक्य होतं. त्या फाइलच्या शेवटी फॉन्टची यादी लोड करणारं फंक्शन मॉड्यूलच्या पातळीवरच बोलावलेलं आहे, म्हणून तो वेळ इम्पोर्टच्या खात्यात जातो आणि इम्पोर्टटाइमला बरोबर सापडतो.

याच साधनाने मला आणखी एक गोष्ट हातात दिली. त्याचं आउटपुट एरर स्ट्रीमवर, म्हणजे चुका आणि इशारे जिथे छापले जातात तिथे, येतं. आमच्या क्रॉनच्या ओळीत ती स्ट्रीम डेव्ह-नलकडे, म्हणजे थेट कचऱ्यात, वळवलेली होती, ती आधी फाइलकडे वळवावी लागली. फाइल उघडली तर आकड्यांच्या मधोमध मॅटप्लॉटलिबचा स्वतःचा इशारा: नेहमीच्या डिरेक्टरीत लिहिता येत नाही, म्हणून टेम्पमध्ये तात्पुरती कॅश डिरेक्टरी केली आहे, इम्पोर्ट वेगाने व्हावा यासाठी एमपीएलकॉन्फिगडिर हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) लिहिता येईल अशा डिरेक्टरीकडे वळवा. त्या युजरला स्वतःची लिहिण्याजोगी होम डिरेक्टरीच नव्हती. दर वेळी नवी तात्पुरती डिरेक्टरी, दर वेळी फॉन्टची गणती पहिल्यापासून. इतके दिवस लायब्ररी स्पष्ट सांगत होती आणि आम्ही तिचं बोलणं फेकून देत होतो, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

इम्पोर्टटाइमलाही मर्यादा आहेत, आणि त्यातली एक हमखास फसवते. मॉड्यूल ज्याने पहिल्यांदा आणलं त्याच्या एकूण वेळेत ते मोजलं जातं. स्क्रिप्टमध्ये नमपाय आधी इम्पोर्ट केलेलं नसेल, तर त्याचा सगळा भार मॅटप्लॉटलिबच्या नावावर पडतो. ते तुम्हाला नाहीतरी लागणारच असेल, तर तो वेळ मॅटप्लॉटलिबचा धरू नका. नमपायची ओळ वर घेऊन पुन्हा चालवा, खरं चित्र दिसेल. शिवाय एकदा चालवून निष्कर्ष काढू नका. पहिल्या खेपेला फाइल्स डिस्कवरून येतात, दुसऱ्या खेपेला बहुधा मेमरीतून. आणि एकच आकडा फुगलेला नसून झाडून सगळेच थोडे थोडे फुगलेले दिसले, तर फॉन्टच्या मागे लागू नका. डिस्क संथ असेल, नाहीतर कंपाइल केलेल्या कोडच्या पायसी फाइल्स साठवायला परवानगी नसल्याने पायथन दर वेळी सगळं नव्याने कंपाइल करत असेल.

आणि हो, इम्पोर्टटाइम फक्त मॉड्यूलचं नाव सांगतं, आत काय शिजतंय ते नाही. मॅटप्लॉटलिब इम्पोर्ट होताना डॉकस्ट्रिंग (फंक्शनांची मदतीची वर्णनं) जुळवण्याचं बरंच काम करतं, आणि तो वेळ वेगवेगळ्या मॉड्यूलच्या स्वतःच्या रकान्यात मिसळून जातो. तो वेगळा काढायला सीप्रोफाइल खरंच चांगलं, कारण तिथे फंक्शन नावानिशी दिसतं. फक्त प्रत्येक फंक्शन कॉलमागे त्याचा स्वतःचा खर्च असतो, त्यामुळे छोट्या छोट्या फंक्शनांचा भार आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. लायब्ररीच्या आतच सुधारणा करायची असेल तर मी तेच घेईन. पण वापरणाऱ्याला सहसा एवढं खोल जावं लागत नाही.

पाय-स्पायचा फ्लेम ग्राफ (कोणत्या फंक्शनात किती वेळ गेला ते पट्ट्यांनी दाखवणारं चित्र) दिसायला तिघांत सर्वात देखणा, आणि अडकून पडलेल्या प्रोसेसला बाहेरून चिकटून ती कुठे उभी आहे हे सांगणं बाकीच्या दोघांना जमत नाही. सुरुवातीच्या संथपणासाठी मात्र माझं त्याच्याशी फारसं जमलं नाही. मुळात प्रोग्राम कुठे पोचलाय याचे ते सेकंदाला १०० नमुने घेतं, म्हणजे थोडक्यात आटोपणारी मॉड्यूलं निसटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिकाम्या बसलेल्या थ्रेडला ते मोजत नाही. लिनक्सवर फॉन्टची यादी करताना मॅटप्लॉटलिब ‘एफसी-लिस्ट’ ही वेगळी प्रोसेस चालवून तिच्या उत्तराची वाट बघतं. ही वाट बघणं पाय-स्पायच्या लेखी रिकामं बसणं. ‘आयडल’चा पर्याय दिला नाही तर चित्रात तो वेळ येतच नाही. मॅकवर सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, लागतं, तेही सगळीकडे मिळतंच असं नाही.

तेव्हा इम्पोर्टची ओळच अडत असेल तर आधी इम्पोर्टटाइम घ्यावं असं मला वाटतं. काही बसवायला लागत नाही, आणि ज्या युजरखाली त्रास होतोय तिथेच चालवता येतं. इम्पोर्ट झटक्यात होऊन पहिली आकृती उमटायला वेळ लागत असेल, तर सीप्रोफाइल किंवा पाय-स्पायकडे वळा. त्यातही बॅकएंडसोबत (आकृती उमटवणाऱ्या भागासोबत) येणारं क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीसारखं जड काही उशिरा लोड होत असेल, तर तेवढं इम्पोर्टटाइमलाही दिसतं. फक्त नुसती इम्पोर्टची ओळ न चालवता पूर्ण स्क्रिप्ट चालवायला हवी.

आम्ही क्रॉनच्या ओळीत, पायथन सुरू होण्याआधी, एमपीएलकॉन्फिगडिरला एक कायमची डिरेक्टरी दिली आणि एरर स्ट्रीम लॉग फाइलकडे ठेवली. खात्रीसाठी एकदा लॉग लेव्हल डीबगवर नेली. आधी तिथे नवा फॉन्ट मॅनेजर तयार केल्याची ओळ यायची, आता साठवलेल्या जेसन फाइलमधून उचलल्याची आली. इम्पोर्टटाइम पुन्हा चालवलं, तर फॉन्ट मॅनेजरची ओळ शोधावी लागली. बाकीच्या ओळींत ती मिसळून गेली होती.